नावं ठेवणारा माणूस

माझे सासरे लिफ्ट तपासायचे. नोकरीच ती होती. एकेका इमारतीत जायचं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायचं, वर मशीनच्या खोलीत चढायचं, दोर हाताने चाचपायचा, ब्रेक लावून बघायचा आणि शेवटी सांगायचं: चालू ठेवा, दुरुस्त करा, नाहीतर बंद करा. आम्ही राहतो त्या इमारतीला मात्र लिफ्ट नाही. तीन जिने चढून पाहुणे धापा टाकायला लागले की ते म्हणायचे, "बरं आहे. निदान घरी तरी मला काही तपासायला नको."

पण घरी ते सगळंच तपासायचे. चहा कोमट. भाजीत मीठ कमी. पडद्याची शिवण तिरकी. दाराची कडी सैल. मुलगा तोंडातल्या तोंडात बोलतो. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि नजरेला झापड नव्हती. माझ्या नवऱ्याने शीतगृहात मेकॅनिकची नोकरी धरली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा, "तिथलं काही बिघडलं तर यालाच बोलावणार? मग माल नासला म्हणून समजा." नवरा हे मला हसत हसत सांगायचा, पण सांगताना माझ्याकडे बघायचा नाही.

सासूबाई घरीच पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायच्या. बाबा, म्हणजे माझे सासरे, बोलायला लागले की त्या शिलाई मशीनचं पायडल जोरात मारायच्या. खडखडाटात शब्द बुडून जायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी शोधलेला हा एकच उपाय होता आणि तो बऱ्यापैकी चालत होता.

लग्न होऊन आले तेव्हा मीही त्यांना टरकून असायचे. मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. प्लास्टरच्या साच्यावर मेण लावायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग भट्टी, मग घासणं आणि चकाकी. संध्याकाळी घरी येईपर्यंत नखांत गुलाबी भुकटी असते. सासऱ्यांनी माझं नाव पहिल्याच आठवड्यात "कवळीबाई" ठेवलं. प्रेमाने ठेवलंय की टोमणा आहे ते कळायला मला वर्ष लागलं.

ते कळलं एका घोड्यामुळे.

मी वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली होती. एक राजपुत्र, त्याच्याबद्दलचं एक जुनं भाकीत, एक हरवलेली तलवार, असा पाच खंडांचा मामला. मी गॅलरीत स्टुलावर बसून वाचत होते. चहा ठेवायला आत गेले आणि परत आले तर बाबा उभ्या उभ्याच ते पुस्तक वाचत होते. मला बघून म्हणाले, "हा घोडा मेला कसा नाही?"

"कुठला घोडा?"

"हाच. किती पानं झाली, पळतोय. पाणी नाही, दाणा नाही, नालसुद्धा पडली नाही. घोडा आहे की स्कूटर? स्कूटरलाही पेट्रोल लागतं."

मला हसू फुटलं. मोठ्याने हसले मी. त्या घरात त्यांनी काढलेल्या खोडीवर याआधी कुणी हसलं नसावं, कारण त्यांनी मान वर करून मला नीट न्याहाळलं. मी त्यांची थट्टा करतेय का, हे त्यांना बघायचं होतं. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं आणि बसले.

तेव्हा कळलं की ते तरुणपणापासून असलीच पुस्तकं वाचत आलेत. परग्रह, अवकाशयानं, जादूगार, राक्षस. कामाच्या पिशवीत टॉर्चखाली एक पुस्तक असायचंच. इमारतीचा माणूस किल्ली घेऊन येईपर्यंत वाचायचे. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. "काय सांगू? मोठा माणूस राक्षसांच्या गोष्टी वाचतो म्हणून?"

त्यानंतर आमचा परिपाठच पडला. मी कामावरून आले, हात धुतले की आम्ही गॅलरीत. पुस्तक एकच आणायचं, आधी एकाने वाचायचं, मग दुसऱ्याने, आणि मग भांडायचं. शेरे त्यांचे ठरलेले होते, लिफ्टचेच. चालू ठेवा, दुरुस्त करा, बंद करा.

राजपुत्राचा पहिला खंड त्यांनी कसाबसा संपवला. दुसऱ्या खंडात भाकीत खरं ठरायला लागलं तेव्हा त्यांनी तो गॅलरीतून खाली फेकला. तो पहारेकऱ्याच्या खोलीच्या पत्र्यावर धाडकन पडला. पहारेकरी घाबरून वर आला, पुस्तक द्यायला. बाबा त्याला म्हणाले, "ठेव तुझ्याकडे. वाचू नकोस. पत्रा गळतो ना? त्यावर ठेव." मला ते पुस्तक आवडत होतं हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याकडून ते गुपचूप परत घेतलं. पाचही खंड वाचले मी, दुपारच्या सुट्टीत, प्रयोगशाळेत लपवून.

मग आकाशापर्यंत जाणाऱ्या लिफ्टची कादंबरी आली. मला वाटलं, हे तर यांच्याच धंद्यातलं, नक्की आवडणार. एक म्हातारी वर अवकाशात राहणाऱ्या मुलीला भेटायला निघते. प्रवास बरेच दिवसांचा. डब्यात अनोळखी माणसं, आणि त्यांच्या गप्पांतून उलगडत जाणारं तिचं आयुष्य. मी वाचताना दोनदा रडले. बाबा पुस्तक संपवून बाहेर आले ते तापलेलेच.

"ब्रेक कुठाय?"

"कसला ब्रेक?"

"लेखकाने दोर दिला, डबा दिला, वर प्रेमप्रकरण दिलं. ब्रेक दिला नाही. दोर तुटला तर डबा कशाने थांबणार? बंद करा."

"बाबा, भविष्यातली गोष्ट आहे ती."

"भविष्यात काय वस्तू खाली पडायच्या थांबणार आहेत?"

"पण म्हातारी? तीही नाही आवडली?"

"म्हातारी चांगली आहे. पण लिफ्टच पटली नाही, तर ती वर पोचली यावर मी विश्वास कसा ठेवू?"

यावर मी तेव्हा भांडले, पण रात्री भांडी घासताना वाटलं, म्हणतात ते खरंय. त्यांचं हे असं असायचं. नुसतं नाक मुरडायचे नाहीत. पुस्तक कुठे ढिलं आहे तिथे बरोबर बोट ठेवायचे, आणि मग तुम्हाला ते ढिलं दिसायचंच. समुद्राच्या तळाशी वसलेल्या गावाची एक कादंबरी मला रटाळ वाटली होती. त्यांनी ती डोक्यावर घेतली, कारण गावाचा पंप सुरुवातीलाच बिघडतो आणि शेवटपर्यंत धड दुरुस्त होत नाही. "ज्या जगात काही बिघडत नाही त्या जगावर माझा विश्वास नाही," ते म्हणाले. मी ती परत वाचली. पंपाकडे लक्ष ठेवून वाचली आणि मला ती वेगळीच दिसली.

दोघांना एकदम आवडलेली एकच होती. सरकणाऱ्या डोंगरांची. त्या देशात डोंगर दरवर्षी जागा बदलतात, म्हणून दरवर्षी नवा नकाशा काढावा लागतो. नकाशे काढणारी एक तिरसट बाई आणि तिचं खेचर, एवढीच मुख्य पात्रं. खेचर खातं, अडतं, आजारी पडतं आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटी एका खिंडीत मरतं. बाबांनी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि बराच वेळ खालच्या रस्त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "चालू ठेवा." तिसरा खंड अजून यायचा होता.

तो यायच्या आतच बाबांना दुखणं लागलं.

आधी डोकं दुखायचं. मग पुस्तक हातातून गळून पडायला लागलं. एका इमारतीत तपासणीला गेले आणि मशीनच्या खोलीऐवजी कुणाच्या तरी घरात शिरून उभे राहिले, त्या लोकांनी फोन करून नवऱ्याला बोलावलं. तपासण्या झाल्या. कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाई शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला समोर बसवून चित्र काढून दाखवलं. गाठ कुठे आहे, किती काढता येईल, किती नाही. उठताना म्हणाल्या, "स्वभावात थोडा फरक पडू शकतो. घरच्यांनी तयारी ठेवावी."

सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे रागीट होतील?"

"सांगता येत नाही."

"याहून रागीट?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्या परिस्थितीतही नवऱ्याला हसू आलं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी वॉर्डात त्यांच्याजवळ होते. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या एका यंत्राची कादंबरी मी त्यांना दिली होती. ती छातीवर उपडी ठेवून ते पडले होते. हजामत करायला माणूस आला. डोकं भादरून होईपर्यंत बाबा त्याला वस्तरा कसा धरावा ते सांगत होते. तो गेल्यावर माझ्याकडे वळले.

"हे पुस्तक बंद करा. यंत्राला रडवलं की वाचक रडतो, हा स्वस्तातला धंदा आहे. आणि रडून रडून याची बॅटरी एकदाही संपत नाही."

"पण म्हातारा मरतो तेव्हा..."

"म्हातारे मरतातच. त्यात काय मोठं लिहिलंय?" मग जरा वेळाने, छताकडे बघत, "कवळीबाई, तो तिसरा खंड आला तर मला शेवट सांगायचा नाही. मी स्वतः वाचणार."

"नाही सांगणार."

त्यांच्या तोंडून ऐकलेलं वाईट बोलणं ते शेवटचं.

शस्त्रक्रिया चांगली झाली, असं सगळे म्हणाले. बाबा घरी आले ते डोक्याला लोकरीची टोपी घालून, माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, एकेक पायरी चढत. वर आल्यावर खुर्चीत बसले. सासूबाईंनी चहा दिला. घाईत तो गार झाला होता, मला कपावरूनच दिसत होतं. बाबांनी घोट घेतला आणि म्हणाले, "छान आहे."

सासूबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. "काय म्हणालात?"

"चहा. छान आहे."

पहिले काही दिवस आम्ही याची गंमतच केली. भाजी छान. पडदा छान. समोरच्या इमारतीचा नवा भडक रंग, तोही छान. हळूहळू कळलं की ही गंमत नाही, हे आता असंच राहणार. चालणं जमत होतं, जेवण जमत होतं, माणसं ओळखत होते. फक्त आत कुठेतरी जी एक कडक स्प्रिंग होती, ती निघून गेली होती.

आणि घर बदललं. खोटं कशाला बोलू, चांगल्यासाठी बदललं. सासूबाईंचं मशीन हळू चालायला लागलं. त्या शिवताना गुणगुणायला लागल्या, मला माहीतच नव्हतं त्यांना गाता येतं. बाबा त्यांच्या पायाशी बसून जमिनीवरचे दोऱ्याचे तुकडे वेचायचे आणि मुठीत धरून ठेवायचे. एके दिवशी नवऱ्याने घरातला बंद पडलेला पंखा उघडून नीट केला. बटण दाबलं, पंखा फिरला. बाबा उठून त्याच्यापाशी गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान केलंस." नवरा न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिला.

शेजारीपाजारी म्हणायचे, "दुखण्याने माणसाचं सोनं झालं."

मला मात्र जुने बाबाच हवे होते, आणि ते कुणाला सांगायचं, तेच कळत नव्हतं.

त्यांना आता सलग वाचता येत नव्हतं, ओळी निसटायच्या. म्हणून मी वाचून दाखवायचे. गॅलरीत, त्याच स्टुलांवर. दर दोन-तीन पानांनी थांबून मी त्यांच्याकडे बघायचे.

"कसं आहे, बाबा?"

"छान आहे."

नवीन आणलेल्या चांगल्या कादंबऱ्या छान. वाईटही छान. एकीत तर नायक गोळी लागून मरतो आणि लेखक ते विसरला असावा, कारण पुढच्याच प्रकरणात तोच नायक चहा पिताना दिसतो. मी मुद्दाम तेवढा भाग दोनदा वाचला. बाबा हसून मान डोलवत होते.

शेवटी मी वाचनालयातून राजपुत्राचा दुसरा खंड आणला. ज्याला त्यांनी खाली फेकलं होतं, तोच. मला वाटलं, बाकी सगळं पुसलं गेलं असलं तरी एवढा राग कुठेतरी तळाला राहिला असेल. मी वाचायला लागले. घोडा पळत होता. दऱ्या आल्या, जंगलं आली, घोडा पळतच होता.

"छान आहे," बाबा म्हणाले. "घोडा छान आहे."

"बाबा, तो पाणी पितो का पण?"

त्यांनी कपाळाला आठी घातली. एक क्षण, अगदी एकच क्षण, जुना चेहरा आला.

"पीत असेल की," ते म्हणाले.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पुस्तक त्यांच्या मांडीवर आपटलं. "कुठे पितो? दाखवा मला! कुठल्या पानावर पितो? तुम्हीच म्हणाला होतात ना, स्कूटर आहे का म्हणून? सगळंच कसं छान असेल? तुम्हाला खरंच काही वाटतं की नुसतं तोंडाला येईल ते बोलता?"

ते घाबरले. माझे सासरे, ज्यांच्या आवाजाने मोठमोठ्या इमारतींचे मालक गप्प बसायचे, ते स्टुलावर अंग चोरून माझ्याकडे बघत होते. "माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

आतलं मशीन थांबलं. सासूबाई दारात आल्या. त्यांनी आधी बाबांना हाताला धरून आत नेलं, पलंगावर बसवलं, हातात दोऱ्याचं रीळ दिलं. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"पुन्हा त्यांच्यावर असं ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

"आई, ते तसे नव्हते. ते आता..."

"कसे नव्हते, ते तू मला सांगणार?" त्या माझ्यासमोर बाबांच्या स्टुलावर बसल्या. "तुला त्यांनी पुस्तकांना ठेवलेली नावं ऐकायला मिळाली. मला मलाच ठेवलेली मिळाली. तुला मजा यायची, येणारच. पुस्तक मिटून ठेवता येतं. मी कुठे मिटू? लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी नापास होत आले, बाई. जेवणात नापास, शिवणात नापास, पोराला वाढवण्यात नापास. परवा मी त्यांना ताट वाढलं तर म्हणाले, तू जेव आधी, दमली असशील. एवढ्या जन्मात पहिल्यांदा. मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून रडले."

त्यांनी खाली पडलेलं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं.

"तू म्हणतेस, हा तो माणूस नाही. नसू दे. मला हाच पाहिजे."

रात्री नवरा कामावरून आला तेव्हा त्याच्या कानावर गेलं होतं. तो माझ्यावर चिडला नाही. दिवा मालवल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "तुला ते बाबा बनून भेटले नव्हते. मित्र बनून भेटले. मला दोन्ही नव्हते मिळाले. आता जे मिळतंय ते राहू दे ना थोडे दिवस."

दोघंही बरोबर होते. त्यामुळे माझ्याकडे रागवायलाही कुणी उरलं नाही. घरात सगळे सुखात असताना आपणच सुतक पाळत बसायचं, आणि ज्याचं पाळायचं तो माणूस समोर बसून दोरे वेचतोय. हे दुःख कुणापुढे मांडायलासुद्धा लाज वाटत होती.

मी वाचून दाखवणं बंद केलं नाही, फक्त मध्ये थांबून विचारणं बंद केलं.

हिवाळा सरताना सरकणाऱ्या डोंगरांचा तिसरा खंड आला. वाचनालयवाल्याने तो माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. मी तो एकटीने वाचला, बसमध्ये, दुपारच्या सुट्टीत, साच्यातलं प्लास्टर सुकेपर्यंत. आणि अर्ध्यावर आल्यावर माझं डोकं फिरलं. लेखकाने खेचर जिवंत केलं होतं! खिंडीत एक जादूचा झरा निघतो, त्याचं पाणी शिंपडतात आणि खेचर कान हलवत उठतं. दोन खंडांत जे काही खरं उभं केलं होतं, ते त्या एका झऱ्याने वाहून नेलं. मी प्रयोगशाळेतल्या बाकावरच पुस्तक आदळलं. शेजारच्या टेबलावरचे दात थरथरले.

घरी येताना सगळं भांडण माझ्या डोक्यात तयार होतं. माझीही वाक्यं आणि त्यांचीही. जिना चढताना मला त्यांचा आवाज ऐकू येत होता, झरा होता तर दुसऱ्या खंडात तहानेने माणसं का मेली, असं विचारणारा. तीन जिने मी धावत चढले.

बाबा गॅलरीत बसले होते. टोपी एका कानावर घसरली होती. "आलीस? छान," ते म्हणाले.

त्यांना शेवट सांगायचा नाही, असं मी वॉर्डात कबूल केलं होतं. पण ज्याला कबूल केलं तो माणूस कुठे होता? मी टोपी सरळ केली, समोर बसले आणि सगळं सांगितलं. नकाशेवाली बाई, खिंड, झरा, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते. खेचर उठलं असं मी म्हटल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"परत आलं?"

"हो."

"खेचर?"

"हो, बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "बिचारं. एकटं पडलं होतं तिथे." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. ते खेचर त्यांना आठवत होतं. पंप नाही, घोडा नाही, म्हातारी नाही, पण ते खिंडीत पडलेलं खेचर त्यांच्या आत कुठेतरी अजून पडून होतं, आणि आज ते उठलं म्हणून त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं.

माझ्या जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं. काय सांगणार? की हा स्वस्तातला धंदा आहे? मी त्यांचा हात तसाच धरून बसले. मला ते पुस्तक आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "हो, बरं झालं."

गाठ परत आली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा चित्र काढलं, या वेळी त्या जास्त काही बोलल्या नाहीत. पुन्हा उघडण्यात अर्थ नव्हता. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघून मान डोलवली, एखाद्याने पत्ता समजावून सांगितल्यावर डोलवतात तशी. त्यानंतर ते झोपूनच राहायला लागले. आधी पाय गेले, मग शब्द एकेक करून गेले. सासूबाईंनी मशीन त्यांच्या खोलीत हलवलं आणि पलंगाशेजारी बसून शिवत राहिल्या. चमच्याने सूप भरवायच्या, ओठ पुसायच्या आणि एकटीच बोलत राहायच्या. एका दुपारी शिवता शिवता त्यांनी वर बघितलं तेव्हा बाबा गेलेले होते. मी प्रयोगशाळेत होते. नवऱ्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी खालच्या दातांची कवळी होती. ती घासून पूर्ण केली, डबीत ठेवली, मग निघाले.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. किती गोड माणूस, सगळे म्हणत होते. कधी कुणाला दुखवलं नाही. मी पाण्याचे पेले फिरवत ऐकत होते. ज्यांच्या लिफ्ट ते तपासायचे त्यांतला एक इमारतमालक तेवढा कोपऱ्यात उभा होता. जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "फार कडक होते हो. माझ्या सहा लिफ्ट बंद केल्या होत्या." त्याला मी दारापर्यंत नाही, खाली रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

भिंतीवर लावायला फोटो निवडायचा होता. मला एक आवडायचा, गॅलरीतला, ज्यात ते फोटो काढणाऱ्याला कॅमेरा तिरका धरलाय असं सांगत आहेत, तोंड अर्धवट उघडं, भुवया चढलेल्या. सासूबाईंनी टोपीतला, हसरा, दोरे हातात असलेला काढून दिला. मी माझा फोटो त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी तो नीट बघितला आणि परत दिला.

"हे खोटं नाही," त्या म्हणाल्या. "पण आठवायचंच आहे तर मी दुसरा आठवीन. तुझा तू आठव."

हसरा फोटो बाहेरच्या खोलीत लागला. माझा कपाटात आहे, कपड्यांखाली. सासूबाईंशी माझं वाकडं नाही. आम्ही एकत्र जेवतो, त्या मला अभ्र्याची किनार पकडायला हाक मारतात, मी धरते. बाबांबद्दल मात्र आम्ही बोलत नाही. बोललो तर कोणाबद्दल बोलतोय ते आधी ठरवावं लागेल.

वाचनालयात मी अजून जाते. परवा एक नवी कादंबरी आणली, चंद्रावरच्या तुरुंगाची. पहिली पन्नास पानं वाचली. तुरुंगात हवा कुठून येते ते लेखकाने सांगितलेलंच नाही. पूर्वी मी अशी पुस्तकं जिद्दीने शेवटपर्यंत न्यायचे, कारण वाईट आहे तर ते नेमकं कुठे वाईट आहे हे मला सांगता यायला हवं असायचं. आता पान दुमडून ठेवते आणि झोपते. मुदत संपली की ते तसंच अर्धवट परत करते.